देवळालीच्या शाळामास्तरांचा आकड्यांचा छंद

गणिताच्या आंतरराष्ट्रीय कोशांत ज्यांचे आडनाव एखाद्या पारिभाषिक संज्ञेसारखे वापरले जाते, अशा मराठी व्यक्ती फार थोड्या आहेत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांपैकी एक होत. कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या या संज्ञा आज जपानपासून अमेरिकेपर्यंत प्रचलित आहेत. हे गृहस्थ विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते आणि कोणत्याही संशोधन संस्थेशी त्यांचा संबंध नव्हता. नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेत ते गणित शिकवत असत. आकड्यांचे जे काम त्यांच्या नावावर आहे, ते सगळे त्यांनी फावल्या वेळात केले.

एखादा पोस्टाची तिकिटे जमवतो, एखादा जुनी नाणी, तर एखाद्याला सुट्टीच्या दिवशी पेटी वाजवल्याशिवाय चैन पडत नाही. कापरेकरांनी संख्या जमवल्या. या छंदाला कागद आणि पेन्सिलीपलीकडे खर्च नव्हता, मात्र त्यातून पैसाही मिळण्यासारखा नव्हता, आणि प्रतिष्ठाही फार काळ मिळाली नाही.

डहाणू, ठाणे आणि पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि पुढील संगोपन वडिलांनी केले. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, कुंडली मांडायची तर आकडेमोड पक्की असावी लागते. घरातील ही आकडेमोड पाहतच मुलगा वाढला आणि गणिताची गोडी त्याला तेथूनच लागली असे मानले जाते.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्यास आले. शाळेत असतानाच गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिजच्या परीक्षेत १८९९ मध्ये पहिले येऊन सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे याच महाविद्यालयाचे प्राचार्य राहिले होते. त्यांच्या नावे गणितातील स्वतंत्र विचारासाठी विद्यार्थ्यांना पारितोषिक दिले जात असे. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. पाठांतराऐवजी नवीन प्रश्न सुचण्याला दिलेले हे पारितोषिक होते, आणि नवीन प्रश्न सुचणे हाच कापरेकरांचा खरा गुण होता. हयातीतील मोठा भाग त्यांना ज्या प्रकारची दाद मिळाली नाही, ती विद्यार्थिदशेत एकदा मिळून गेली होती, असेच म्हणावे लागेल.

१९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पदवीनंतर देवळालीच्या शाळेत नोकरी मिळाली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले.

देवळाली ही लष्करी छावणीची वस्ती. ब्रिटिश काळात मायदेशी परतणाऱ्या सैनिकांना येथील तळावर ठेवले जाई आणि बोटीची वाट पाहत त्यांना महिनोन्‌महिने काढावे लागत. उकाडा आणि रिकामपण यांमुळे अनेकांचा मानसिक तोल ढळे. त्यावरून देवळाली या नावाचा अपभ्रंश इंग्रजीत डुलॅली असा झाला आणि भ्रमिष्ट या अर्थाने तो शब्द त्या भाषेत अजूनही टिकून आहे. रिकामा वेळ माणसाचे काय करू शकतो याची अशी ख्याती असलेल्या गावात कापरेकरांनी आपला रिकामा वेळ तीन दशकांहून अधिक काळ आकड्यांना दिला. त्यांनाही काहींनी भ्रमिष्टांत जमा केलेच.

शिक्षक म्हणून त्यांच्याविषयी चांगले बोलले जाई. स्वतःला वाटणारी संख्यांची गंमत ते वर्गात आणत आणि आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानासाठी बोलावणे येत असे.

रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्या

कापरेकरांच्या आरंभीच्या शोधांपैकी एकाला त्यांनी डेमलो संख्या असे नाव दिले. हे नाव कोणा गणितज्ञाचे नाही. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेमलो स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचेच नाव संख्यांना मिळाले. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली असे सांगितले जाते. लोकलची वाट पाहताना रोज कंटाळणाऱ्या डोंबिवलीकरांना हा तपशील ठाऊक असायला हरकत नाही.

या संख्यांपैकी सर्वांत देखण्या संख्या शाळकरी मुलालाही करून पाहता येतात. ११ चा वर्ग १२१ येतो, १११ चा १२३२१ आणि ११,१११ चा १२३४५४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मिळते. एकेक पायरी वर चढायची आणि तशीच खाली उतरायची. या संख्यांवरील त्यांचे टिपण १९३८ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यानंतर अशा संख्यांची रीघ लागली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर अंकांची बेरीज १५ येते आणि १९०५ भागिले १५ म्हणजे बरोबर १२७. निवृत्तीचे वर्ष १९६२ यातील अंकांची बेरीज १८ आणि भागाकार १०९. दोन्ही वर्षे हर्षद आहेत. हा अर्थात योगायोग आहे, परंतु अशा योगायोगांवर ज्याचा जीव जडत नाही त्याला या छंदाचे मर्म कळणे कठीण.

संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे पाडायचे आणि ते मिळवायचे. बेरीज मूळ संख्येइतकीच आली, तर ती झाली कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७ चा वर्ग ८८,२०९ असून ८८ आणि २०९ मिळून २९७ होतात. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९ आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. इंग्लंडमधील प्रसिद्ध कोडेकार हेन्री ड्युडनी यांनी १९१७ च्या आपल्या पुस्तकात ३०२५ हा आकडा लिहिलेली चिठ्ठी मधोमध फाटल्याचे कोडे घातले होते. कापरेकरांनी कोड्यापाशी न थांबता अशा सर्व संख्यांचा पाठलाग केला. हौस म्हणून कोडे सोडवणारा आणि छंदाला वाहून घेतलेला यांच्यातील फरक येथे दिसतो.

६१७४

ज्या एका आकड्यामुळे कापरेकर हे नाव सर्वदूर गेले, तो आकडा त्यांना १९४६ मध्ये सापडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत एनिऍक हा खोलीभर पसरलेला इलेक्ट्रॉनिक संगणक जगासमोर आला होता. देवळालीत अर्थातच असे काही नव्हते.

कृती अगदी सोपी आहे. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडून एक संख्या करावी, लहानाकडून मोठ्याकडे मांडून दुसरी करावी आणि पहिलीतून दुसरी वजा करावी. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच कृती करावी. वाचकांनी येथे कागद घ्यावा, निव्वळ वाचण्यात त्याची मजा नाही.

पुन्हा १९०५ हेच वर्ष घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. मग ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. त्यापुढे ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. नंतर ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. पुढे ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. मग ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. शेवटी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता पुढे गेले तरी काही बदलत नाही, कारण ६१७४ चे अंक मांडून वजाबाकी केली की पुन्हा ६१७४ च येते. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत या आकड्यापाशी पोहोचता येते. १९०५ ला पूर्ण सात पायऱ्या लागल्या.

हा आकडा सापडला ते वर्ष १९४६ घेतले तर पहिलीच वजाबाकी ९६४१ वजा १४६९, म्हणजे ८१७२ येते आणि तेथून पुढचा मार्ग १९०५ चाच आहे. कापरेकरांच्या निधनाचे वर्ष १९८६ घेतले तर ९८६१ वजा १६८९, म्हणजे पुन्हा ८१७२. तिन्ही वर्षे एकाच वाटेला लागतात.

यात गूढ असे काही नाही आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर पहिला आणि शेवटचा यांतील फरक, तसेच मधल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकी अवलंबून असते. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर तयार. १९४६ मध्ये हे फरक ८ आणि २ आहेत, १९८६ मध्येही ८ आणि २ च. म्हणून दोन्हींचे उत्तर सारखे आले. फरकांच्या अशा जोड्या एकूण ५४ च संभवतात. म्हणजे ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या, चारही अंक सारखे असलेल्या वगळून उरणाऱ्या, ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात. हे ५४ मार्ग एका रविवारी दुपारी हाताने तपासून होतात.

तीन अंकी संख्यांना हाच खेळ लावला तर सगळ्या वाटा ४९५ पाशी संपतात. दोन अंकी संख्यांचे मात्र तसे नाही. त्या ९, ८१, ६३, २७ आणि ४५ या फेऱ्यात सापडतात आणि गोल गोल फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही एकच असा मुक्काम नाही. तीन आणि चार अंकांना जे सुख लाभले ते त्यांच्या शेजाऱ्यांना लाभले नाही, ही असमानता या शोधाची खरी चव आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्यानंतर न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात १९५० च्या दशकात त्यासंबंधीचे त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. ६१७४ या आकड्याच्या गुणधर्मावरील स्वतंत्र टिपण १९५५ चे आहे. गणिताचा इतिहास आणि मनोरंजक गणित यांना या नियतकालिकात मानाचे स्थान होते, त्यामुळे देवळालीच्या शिक्षकाला तेथे दार उघडे मिळाले.

आज हीच कृती संगणकाची भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावासाठी दिली जाते. बंगळुरूचे कोरमंगला म्हणजे संगणक-उद्योगातील नवउद्योगांची प्रसिद्ध वस्ती. महाराष्ट्रातून तेथे नोकरीस गेलेल्या एखाद्या अभियंत्याने शिकाऊ वयात ६१७४ चा प्रोग्राम लिहिला असण्याची शक्यता बरीच आहे. ९,९९० संख्या तपासायला त्याच्या यंत्राला क्षणभरही लागत नाही. त्या आकड्याला जोडलेले आडनाव आपल्याच भाषेतील आहे याकडे त्याचे लक्ष गेले असेलच असे मात्र नाही.

उपेक्षेचे कारण

भारतातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाची थट्टा केली. हे सारे क्षुल्लक असून त्याला गणित म्हणता येणार नाही, असा त्यांचा सूर होता. प्रतिष्ठित नियतकालिके अशा लेखनाला सहसा जागा देत नसत, त्यामुळे कापरेकरांनी बरेचसे लेखन पदरमोड करून छोट्या पुस्तिकांच्या रूपात छापले. प्रकाशक म्हणून त्यांवर स्वतः लेखकाचे नाव आणि देवळालीचा पत्ता असे. आवर्ती दशांशांच्या चक्रांवरील पुस्तिका १९५० ची आहे, स्वयंभू संख्यांच्या कोड्यांवरील १९५९ ची, तर त्याच संख्यांच्या गणितावरील आणखी एक १९६३ ची. शिक्षकाच्या पगारातून हा खर्च होत होता हे लक्षात घेतले म्हणजे या छंदाची किंमत कळते.

टीका करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. श्रीनिवास रामानुजन यांचे गुण जगापुढे आणणारे केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये गणितज्ञाच्या आयुष्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी अंकांच्या गमतीचे एक उदाहरण घेतले आहे. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत, की ज्या आपल्या उलट लिहिलेल्या संख्येच्या पटीत आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डींच्या मते असल्या गोष्टी वर्तमानपत्रातील कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नाही. विशेष म्हणजे यातील ९८०१ हा ९९ चा वर्ग असून ९८ अधिक १ म्हणजे ९९, अर्थात ९९ ही कापरेकर संख्या आहे. हार्डींनी जी वाट व्यर्थ ठरवली, तिच्यावर देवळालीचे हे मास्तर आधीपासून चालत होते.

हार्डींचा आक्षेप निराधार नव्हता. आपण दहा अंकांत लिहितो, कारण माणसाला दहा बोटे आहेत. बोटे आठ असती तर मोजण्याची पद्धत वेगळी झाली असती आणि ६१७४ चे हे माहात्म्य उरले नसते. संख्येचा विषम असणे किंवा मूळ असणे हा गुण लिहिण्याच्या पद्धतीने बदलत नाही, अंकांची बेरीज मात्र बदलते. त्यामुळे कापरेकरांच्या शोधांचा मोठा भाग संख्येपेक्षा तिच्या लिखित रूपाविषयी आहे, असे कोणी म्हटले तर ते मान्य करावे लागेल. तथापि माणूस संख्या लिहितोच, आणि लिहिलेल्या गोष्टीत नियम दडलेला असेल तर तो शोधणे हे बुद्धीचे काम नव्हे, असे म्हणणे ओढूनताणून होईल. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या 'गणितकौमुदी'त जादूच्या चौरसांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. कापरेकरांनाही या चौरसांची आवड होती. १९७३ मध्ये कोपर्निकसच्या जन्माला ५०० वर्षे झाली, तेव्हा त्यांनी त्याच्या नावाने एक जादूचा चौरस रचला.

स्वयंभू संख्या

कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. १२ मध्ये १ आणि २ यांची बेरीज ३ मिळवली की १५. म्हणजे १५ चा जनक १२. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. मात्र काही संख्या अशा आहेत, की त्यांना कोणीच जनक नाही. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ आणि पुढे आणखी. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू संख्या म्हटले. आपल्या गावाच्या नावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव त्यांनी दिले.

नावे देण्याच्या बाबतीत हा माणूस हौशी होता. एका प्रकाराला रेल्वे स्थानकाचे नाव मिळाले, दुसऱ्याला राहत्या गावाचे, तिसऱ्याला संस्कृतातून हर्षद. परंतु जगाने यातील सर्व नावे राखली नाहीत. १९७० च्या दशकात कोलंबिया देशातील बेर्नार्दो रेकामान यांनी याच संख्यांविषयीचा प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात विचारला आणि तेव्हापासून देवळाली संख्यांना कोलंबियन संख्या असे दुसरे नाव पडले. हर्षद संख्यांवर १९७७ मध्ये आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत व्याख्यान दिले आणि त्या पाश्चात्य जगात निव्हन संख्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. आता कोशांत दोन्ही नावे शेजारी शेजारी दिली जातात.

निवृत्तीनंतर

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते. घर चालवण्यासाठी त्यांना गणित आणि विज्ञानाच्या खासगी शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. आयुष्यभर शाळेने ठरवून दिलेल्या तासांतून त्यांनी आकड्यांसाठी वेळ काढला होता. निवृत्तीनंतर वेळ आपला होईल अशी अपेक्षा असते, तोही त्यांना शिकवण्यांना द्यावा लागला. तरीही पुस्तिका निघत राहिल्या, परिषदांना जाणे चालू राहिले आणि लेखन थांबले नाही.

मार्च १९७५ मध्ये परिस्थिती पालटली. अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती खेळांवरील सदर लिहीत असत. गार्डनर स्वतः गणितज्ञ नव्हते, त्यांची पदवी तत्त्वज्ञानाची होती. परंतु जगभरातील व्यावसायिक गणितज्ञ त्यांचे सदर सुमारे पंचवीस वर्षे आवडीने वाचत होते. त्या महिन्याच्या सदरात गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. कापरेकरांनी त्या वेळी सत्तरी ओलांडली होती. घरच्या विद्वानांनी ज्या कामाकडे वर्षानुवर्षे पाठ फिरवली, ते एका लेखामुळे निरनिराळ्या देशांतील वाचकांच्या हाती गेले.

रामानुजन यांच्या कथेशी याची तुलना करण्याचा मोह होतो. तेही कारकुनी करत गणित करत होते आणि त्यांनाही परदेशातील जाणकाराने ओळखले. परंतु ही तुलना फार ताणू नये. रामानुजन यांच्या सूत्रांची खोली वेगळी होती, आणि त्यांना हार्डी भेटले तेव्हा त्यांचे वय पंचविशीत होते. कापरेकरांच्या बाबतीत आयुष्याची मुख्य वर्षे सरली होती. केंब्रिज किंवा शिष्यवृत्ती असे काही त्यांच्या वाट्याला आले नाही. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले

थट्टेचा विषय ठरलेल्या या प्रश्नांवर पुढे गंभीर गणितही उभे राहिले. स्वयंभू संख्या एकंदर संख्यांत कोणत्या प्रमाणात आढळतात, या प्रश्नावर इटलीचे गणितज्ञ उम्बेर्तो झान्निएर यांचा शोधनिबंध १९८२ मध्ये, म्हणजे कापरेकरांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला. हर्षद संख्या ओळीने किती येऊ शकतात, हे १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी या अमेरिकन गणितज्ञांनी सिद्ध केले. ओळीने २० येऊ शकतात, २१ कधीही नाहीत.

कापरेकर संख्यांची उकल डग्लस इयान्नुची यांनी २००० मध्ये केली. वर दिलेल्या उदाहरणांत ४५ आणि ५५ यांची बेरीज १०० येते, तर २९७ आणि ७०३ यांची १०००, हे चौकस वाचकाच्या ध्यानात आले असेल. या जोड्यांमागे ९९, ९९९ अशा नुसत्या नवांच्या संख्यांचे अवयव आहेत. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. त्यातील २७ च्या पटीत २९७ आहे आणि ३७ च्या पटीत ७०३. नवांच्या संख्येचे असे परस्परांशी समान अवयव नसलेले दोन भाग पाडले, की प्रत्येक विभागणीतून कापरेकर संख्या निघतात. जी गोष्ट केवळ गंमत वाटत होती, तिचा माग अखेर भाज्य-भाजकांच्या सिद्धांतापर्यंत पोहोचला. ६१७४ या आकड्यावर जपानमधील ओसाका येथील प्राध्यापक युताका निशियामा यांनी २००६ मध्ये लिहिलेला लेखही पुष्कळ वाचला गेला.

२०२५ हे वर्ष सुरू होताना या सनाचे वैशिष्ट्य सांगणारे संदेश मोबाइलवर मोठ्या संख्येने फिरले. २० आणि २५ यांची बेरीज ४५ आणि ४५ चा वर्ग २०२५. त्यांपैकी काहींत कापरेकरांचे नाव होते, बहुतेकांत नव्हते. मधोमध तोडून दोन्ही भागांच्या बेरजेचा वर्ग केला की तोच सन परत मिळतो, असे यानंतरचे वर्ष ३०२५ हे आहे.